संगणकातील कालविभाग

ज्या प्रदेशातील घड्याळे एकाच नियमानुसार लावली जातात, त्या प्रदेशास कालविभाग म्हणतात. पृथ्वी एका तासात १५ अंशांतून फिरते, हे कालविभागाचे भौगोलिक अधिष्ठान असले, तरी त्याच्या सीमा व नियम शासन ठरविते आणि बदलतेही. संगणकातील कालविभाग म्हणजे अशा निर्णयांची कालक्रमाने केलेली नोंद होय. तिच्याऐवजी केवळ ग्रिनिचपासूनचा तासमिनिटांचा फरक गृहीत धरला, तर संकेतस्थळांवरील आरक्षणे, बँकव्यवहार व जन्मतारखा यांच्या नोंदींत दोष उद्भवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत प्रत्येक गाव सूर्यावरून ठरणारी आपली स्थानिक वेळ पाळीत असे. लोहमार्गांमुळे दूरच्या गावांसाठी एकच वेळ आवश्यक ठरली. भारतीय रेल्वे मद्रास वेधशाळेच्या वेळेनुसार चालू लागल्या. वॉशिंग्टन येथे १८८४ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ग्रिनिचचे रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारले. भारतात ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावर आधारलेली, ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे असणारी प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली.

मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सु. ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे नव्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. कारखान्यांत नवी वेळ लागू होताच गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण सूर्याच्या मानाने त्यांना पूर्वीपेक्षा लवकर कामावर हजर व्हावे लागणार होते. मुंबई महानगरपालिकेनेही मुंबई वेळच कायम ठेवली. त्यामुळे एकाच शहरात रेल्वेची वेळ एक व नगराची दुसरी, अशी स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. कलकत्त्याने आपली स्वतंत्र वेळ १९४८ मध्ये सोडली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती.

संगणकीय नोंद : युनिक्स प्रणालीत कोणताही क्षण १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिच) लोटलेल्या सेकंदांत मोजतात. ही संख्या सर्व देशांत सारखीच असते. तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करण्यासाठी आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना १९८० नंतरच्या दशकात एक माहितीसंचय तयार केला. पुढे पॉल एगर्ट यांनी तो सांभाळला. त्यातील कालविभागांना खंड व शहर यांची नावे असतात. भारताच्या विभागाचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे असून जुन्या नोंदींसाठी ‘एशिया/कलकत्ता’ हे नावही चालते. ज्योतिषविषयक नकाशसंग्रह काढणाऱ्या एका कंपनीने २०११ मध्ये या संचयाविरुद्ध दावा लावला. त्याच वर्षी त्याची व्यवस्था आंतरजालातील नावे व क्रमांक यांचे नियमन करणाऱ्या संस्थेकडे गेली. २०१२ मध्ये दावा मागे घेण्यात आला.

दोष व त्यांचा शोध : वापरकर्त्याचे यंत्र, सर्व्हर व माहितीसंचय यांचे कालविभाग भिन्न असणे, हे दोषाचे नेहमीचे कारण होय. भारतातील १५ ऑगस्टची मध्यरात्र ग्रिनिच वेळेनुसार १४ ऑगस्टचे १८·३० वाजता येते. म्हणून केवळ जन्मतारीख हवी असताना ती क्षण म्हणून साठविली, तर ती एक दिवस अलीकडे सरकते. नोंदीत साडेपाच तासांचा फरक आढळल्यास रूपांतर एकदा राहून गेले किंवा दोनदा झाले असे समजावे. ‘आयएसटी’ हे संक्षिप्त रूप भारत, इझ्राएल व आयर्लंड या तिन्ही देशांच्या वेळांना लावले जात असल्याने त्यावर विसंबता येत नाही. घडून गेलेली घटना जागतिक समन्वित वेळेत नोंदवावी. भावी कार्यक्रमासाठी मात्र स्थानिक वेळ व विभागाचे नाव दोन्ही जतन करावीत, कारण मधल्या काळात नियम बदलू शकतो. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला. लेबाननमध्ये मार्च २०२३ मध्ये उन्हाळी वेळ लांबणीवर टाकण्याचा निर्णय ऐनवेळी झाला आणि काही दिवस देशात दोन वेळा चालू होत्या. अशा प्रसंगी सर्व्हरमधील माहितीसंचय अद्ययावत नसेल, तर आज्ञावली निर्दोष असूनही उत्तर चुकते.

मर्यादा : या संचयातील विभाग १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे सारखी चालली, त्यांनुसार पाडलेले आहेत. त्यामुळे मुंबई वेळेसाठी त्यात स्वतंत्र विभाग नाही. १९३० मध्ये मुंबई वेळेनुसार सकाळी ६ वाजता झालेल्या जन्माची नोंद संगणक भारतीय प्रमाणवेळेची समजतो. वस्तुतः तो जन्म प्रमाणवेळेनुसार ६ वाजून ३९ मिनिटांनी झालेला असतो. जुनी नोंदवह्या व दस्तऐवज संगणकात उतरविताना मूळ लेखकापुढे कोणते घड्याळ होते, हे प्रथम ठरवावे लागते. त्याचे उत्तर संगणकात नव्हे, तर त्या शहराच्या इतिहासात शोधावे लागते.