एक प्रोसेसर मागितला आणि अख्खं मशीन गेलं : क्यूएमयूमधल्या एका चूक-हाताळणीचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता फारच लहान आहे. एम्युलेटरच्या कोडमध्ये आभासी प्रोसेसर तयार करणारी एक ओळ असते, आणि तो तयार झाला नाही तर काय करायचं हे सांगणाऱ्या आणखी दोन-चार ओळी असतात. त्या दोन-चार ओळींचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. कोडलाही काळ असतो, आणि एका काळात अगदी योग्य असलेला निर्णय, एक अक्षरही न बदलता, पुढच्या काळात घातक ठरू शकतो. हे समजायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही.

आधी पार्श्वभूमी. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ साली क्यूएमयू हा एम्युलेटर प्रसिद्ध केला. त्या वेळचं त्याचं मुख्य काम म्हणजे एका जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना चालता चालता दुसऱ्या जातीच्या सूचनांमध्ये भाषांतरित करणं. म्हणजे आभासी प्रोसेसर हा निव्वळ सॉफ्टवेअरचा खेळ होता. मेमरीत एक रचना उभी केली की झाला प्रोसेसर.

२००६च्या ऑक्टोबरमध्ये चित्र बदललं. क्युमरानेट या इस्रायली कंपनीतल्या आवी किविटी यांनी केव्हीएम जाहीर केलं, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२० मध्ये ते सामील झालं. आता खऱ्या प्रोसेसरमधल्या आभासीकरणाच्या सोयी थेट वापरता येऊ लागल्या. पण त्यासोबत एक गोष्ट आली, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आभासी प्रोसेसर आता कर्नलकडे *मागावा* लागू लागला. आणि मागितलेली गोष्ट नाकारली जाऊ शकते.

नकार कसा मिळतो? कमाल मर्यादेपेक्षा जास्त प्रोसेसर मागितले तर कर्नल सांगतो, मागणी अवैध. तोच आयडी क्रमांक दुसऱ्यांदा दिला तर सांगतो, हा आधीच आहे. मेमरी संपली असेल तर तेही सांगतो. कर्नलच्या बाजूचं हे फंक्शन वाचण्यासारखं आहे. आधी प्रोसेसरांची मोजणी एकने वाढते, मग रचनेसाठी मेमरी घेतली जाते, मग एक सामायिक पान, मग त्या त्या प्रोसेसर-जातीची तयारी. मध्येच कुठे अडलं, तर नेमक्या उलट्या क्रमाने एकेक गोष्ट परत केली जाते, अगदी मोजणी पुन्हा एकने कमी करण्यापर्यंत. घरातलं सामान जसं शेवटी रचलेलं आधी उतरवावं, तसंच.

इतकं काळजीपूर्वक लिहिलेलं असूनही, २०१३ साली याच फंक्शनमध्ये एक गंभीर त्रुटी सापडली. दिलेला आयडी क्रमांक फार मोठा असेल तर त्याची नीट तपासणी होत नव्हती, आणि त्याचा फायदा घेऊन त्या संगणकावरच्या साध्या वापरकर्त्याला वाढीव अधिकार मिळवता येत होते. म्हणजे हा कोपरा अडगळीतला नाही, हे लक्षात घ्या.

आता क्यूएमयूच्या बाजूला येऊ. कर्नलने नकार दिला, तर क्यूएमयू काय करत असे? पडद्यावर संदेश छापायचा आणि प्रोग्राम बंद करायचा. बस. तुम्ही म्हणाल, हा आळशीपणा झाला. आम्हाला तसं वाटत नाही. त्या काळी प्रोसेसर तयार व्हायचे ते मशीन सुरू होतानाच. तेव्हा गेस्ट, म्हणजे आतली यंत्रणा, अजून जागीच झालेली नसते. गमावण्यासारखं काही नसतं. सकाळी दुकान उघडण्याआधी वजनकाटा बिघडलेला दिसला, तर शटर खालीच ठेवणं हा शहाणपणाच आहे.

मग हॉटप्लग आलं. मे २०१३ मधल्या क्यूएमयू १.५ मध्ये चालू मशीनला नवा प्रोसेसर जोडण्याची आज्ञा आली. २०१६च्या २.७ आवृत्तीत ती सोय इतर उपकरणांसारखीच रीतसर झाली, पॉवर प्रोसेसरसाठीसुद्धा. आणि इथे त्या जुन्या ओळींचा अर्थ उलटला. आता दुकान भर गर्दीत चालू आहे, मालक म्हणतो आणखी एक काटा लावा, तो काटा चालू होत नाही, आणि म्हणून सगळं दुकानच बंद! चालत्या गेस्टमध्ये कुणाचा डेटाबेस असेल, कुणाचे हिशेब असतील. एक प्रोसेसर जास्त मागितला, तर होते तेही गेले.

मग चूक नुसती परत का कळवली नाही? खरी मेख इथे आहे. क्यूएमयूमध्ये प्रत्येक आभासी प्रोसेसरसाठी एक स्वतंत्र थ्रेड असतो, आणि कर्नलकडे मागणी करतो तो हा नवा थ्रेड. ज्याने हॉटप्लगची आज्ञा घेतली तो मुख्य थ्रेड ‘तयार झाला’ या निरोपाची वाट पाहत थांबलेला असतो. ‘नाही झाला’ असा निरोप पाठवायला वाटच ठेवलेली नव्हती. नव्या थ्रेडच्या हातात एकच हत्यार उरलं, ते म्हणजे सगळी प्रक्रिया संपवणं. आणि गेस्ट त्याच प्रक्रियेत राहतो.

दरम्यान क्यूएमयूत चूक कळवण्याची पद्धत सुधारत होती. २०११ साली चुकीसाठी स्वतंत्र ‘एरर’ वस्तू आली. ग्लिब या लायब्ररीतल्या पद्धतीवर ती बेतलेली होती. २०२० साली या पद्धतीची मोठी साफसफाई झाली, आणि आपलं फंक्शनही त्याच सुमारास नव्या पद्धतीने चूक कळवू लागलं. पण त्याला हाक मारणाऱ्या थ्रेडने सोबत काय दिलं? ‘एरर फेटल’, म्हणजे चूक झाली तर संपव. नुसता वरवरचा फरक पाहणाऱ्याला वाटेल, चला, कोड आधुनिक झाला. भाषा बदलली होती, शिक्षा तीच होती.

ही अडचण पॉवर प्रोसेसरवर प्रत्यक्षात बोचली. तिथे केव्हीएमच्या खाली पॉवरव्हीएम हा आणखी एक हायपरवायझर असू शकतो, आणि त्याच्याकडे मेमरी मर्यादित असते. त्यामुळे हॉटप्लगच्या वेळी नकार मिळणं ही कल्पनेतली शक्यता राहिली नाही. २०२४ साली यावर जो उपाय झाला तो साधा आणि सुंदर आहे. नवा थ्रेड सुरू करण्याआधीच, मुख्य थ्रेडमध्ये, कर्नलकडे प्रोसेसर मागायचा. मिळाला तर बाजूला ‘पार्क’ करून ठेवायचा आणि नव्या थ्रेडने तो तिथून उचलायचा. नाही मिळाला, तर आज्ञा देणाऱ्याला नम्रपणे नकार कळवायचा. गेस्ट आपला चालू.

गंमत अशी की ‘पार्क’ करण्याची ही सोय नवी नव्हतीच. गेस्ट चालू असताना एखादाच प्रोसेसर नष्ट करायची सोय केव्हीएममध्ये नाही. म्हणून काढलेला प्रोसेसर जपून ठेवायचा आणि तोच आयडी पुन्हा मागितला की परत वापरायचा, अशी यादी क्यूएमयूत आधीपासून होती. काढण्यासाठी केलेली सोय जोडण्याच्या कामी आली.

म्हणून असा कोड तपासायला बसलो की ‘परतलेली किंमत तपासली आहे ना’ एवढ्यावर आपण थांबू नये. ती इथे तपासलेलीच होती. या क्षणापर्यंत काय काय घेऊन झालंय, निरोपाची वाट कोण पाहतंय, आणि आपण बंद पडलो तर सोबत कोण बंद पडेल, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यातल्या तिसऱ्याचं उत्तर २००७ साली ‘कुणीच नाही’ असं होतं. २०१३ नंतर ते बदललं, आणि त्या ओळींपर्यंत ही बातमी पोचायला अकरा वर्षं लागली.