तळटीप : मायची माळ

मायची माळ : ही पुतळ्यांची माळ. ठसा उमटवलेल्या सोन्याच्या गोल चकत्या दोऱ्यात ओवलेल्या. त्यामुळे न वितळवताही ती लेकींत वाटता येते. निवेदिकेकडे मोजक्याच पुतळ्या का, हे यावरून कळावे. भावांनी माळ मागितली नाही, हा निव्वळ चांगुलपणा नव्हे; त्यामागे जुनी वारसारीत आहे. लातूर जिल्ह्याशेजारच्या कल्याणीत (आजचे बसवकल्याण) सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही धर्मशास्त्रावरची टीका लिहिली. तिच्यानुसार आईच्या स्त्रीधनावर पहिला हक्क लेकीचा, त्यातही बिनलग्नाच्या लेकीचा, मुलगे मागून. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगा, मुलगी आणि नवरा एकाच रांगेत आणले, म्हणजे कागदावर लेकीचा हा अग्रहक्क गेलाच! व्यवहारात मात्र जमीन भावांची, दागिने बहिणींचे ही वाटणी चालूच राहिली, आणि बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायला तीच सबब सोयीची पडली. पण आईच्या दागिन्याचे मोल केवळ हक्काचे नसते. एमी टॅनच्या ‘द जॉय लक क्लब’ (१९८९) या कादंबरीतली चिनी आई अमेरिकेत वाढलेल्या लेकीला जेडचे लोलक देते. त्याचे मोल लेकीला आईमागे उमगू लागते. आपल्या निवेदिकेला मायच्या माळेचे मोल आधीपासून ठाऊक आहे. पुढच्या प्रकरणातले हक्कसोडीच्या सहीवरचे भांडण त्यामुळेच पेटते.