हप्ता फिटलेलं विमान

परभणीत विमानतळ नाही. आपण विमान धरायला नांदेडला जातो, नाहीतर संभाजीनगरला. तरी आजचं गणित तुम्हाला ट्रॅक्टरवरून लगेच कळेल. जुना ट्रॅक्टर डिझेल जास्त पितो, पण त्याचा हप्ता फिटलेला असतो. काम नसलं की उभा राहतो, कुणाचं काही देणं नाही. नवा कमी पितो, पण उभा राहिला तरी हप्ता चालूच.

विमान कंपन्यांचं दुखणं हेच आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमानं भारतात स्वस्तात विकली गेली. 1953 मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या 99 विमानांपैकी 74 डाकोटा होती. हळू, आवाज करणारी, पंचवीस-तीस माणसं नेणारी. पण भांडवल जवळपास नाहीच, आणि दुरुस्ती प्रत्येक मेकॅनिकच्या हाताखालची.

याच डाकोटांनी नागपूरला एक भारी काम केलं. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला भेटायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलून पहाटेपर्यंत माघारी. रात्रभरात एकच फेरी! एवढ्याशा कामासाठी महागडं नवं विमान घेतलं असतं तर व्याजातच बुडाले असते. 1957 ला व्हायकाउंट आली, वेग जवळजवळ दुप्पट. तिला मोठ्या शहरांमध्ये दिवसभर पळवायचं, कारण तिची किंमत वसूल करायची होती. माझ्या मते ही वाटणी अगदी शहाणपणाची होती.

आता मुंबईच्या गो फर्स्टकडे या. पूर्वीची गो एअर, 2005 पासूनची. भारतात विमान कंपनीच्या खर्चात इंधनच सुमारे 40 टक्के. त्यामुळे सुमारे 15 टक्के इंधन वाचवणारी एअरबस ए-320 निओ म्हणजे लॉटरीच वाटली. कंपनीचा जवळपास सगळा ताफा निओच झाला. पण निओची प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं वेळेआधी बिघडायला लागली आणि बदली इंजिनं मिळेनात. मे 2023 च्या सुरुवातीला 25 विमानं, म्हणजे निम्मा ताफा, जमिनीवर उभा, असं कंपनीनेच सांगितलं. उभं विमान इंधन शंभर टक्के वाचवतं, हो ना? पण भाडं थांबत नाही.

2 मे 2023 ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो लोकांचे पगार अडकले. पुढच्या वर्षी कोर्टाच्या आदेशाने 54 विमानं मूळ मालकांकडे परत गेली, आणि जानेवारी 2025 मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश आला.

तीच इंजिनं इंडिगोकडेही होती. तिचीही सत्तरच्या आसपास विमानं उभी राहिली. मग इंडिगोने काय केलं? परत द्यायची ठरलेली जुनी ए-320 विमानं ठेवून घेतली, त्यांचे भाडेकरार वाढवले, आणि जास्त इंधन जाळत उडत राहिली.