सूर किती जागेत मावतो?



१९८१ साली भोपाळात ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि उस्ताद झिया फरिदुद्दीन डागर तेथे गुरू म्हणून आले. उज्जैनचे एक मराठी विद्यार्थी, उदय भवाळकर, या केंद्रात शिकले आणि पुढे ध्रुपदगायक म्हणून नावारूपास आले. पहाटे खर्ज लावायचा, षड्जावर आवाज स्थिर करायचा, दोन स्वरांमधली वाट पुन:पुन्हा चालून पाहायची, ही या परंपरेची शिस्त. त्याच सुमारास, १९८३ च्या जानेवारीत, अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन निराळ्या कंपन्यांची विद्युत्‌वाद्ये एका तारेने जोडण्यात आली. एकाची पट्टी दाबताच दुसरे बोलू लागले. त्या तारेतून सूर जात नव्हता. सुराविषयी तीन लहान संख्यांची एक चिठ्ठी जात होती. एकीकडे एका स्वरासाठी वर्षे वेचायची आणि दुसरीकडे तो तीन संख्यांत बसवायचा! या दोहोंत खरे कोण, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणे इष्ट होईल.

थोडक्या खुणांत पुष्कळ साठवण्याची विद्या आपल्याकडे परकी नाही. आर्यभटाने ज्यांच्या कोष्टकातील चोवीस अंतरे एका श्लोकात बसविली. संगीतात हेच काम मुंबईच्या वाळकेश्वरी १८६० साली जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी केले. व्यवसायाने ते वकील. पण गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी शेकडो चिजा मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत लिहून ठेवल्या. त्यांची स्वरलिपी किती काटकसरीची आहे पाहा. स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र, वर बिंदू म्हणजे तार. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. कंसात एकटा ‘प’ लिहिला की गाणाऱ्याने ‘धपमप’ असे चार स्वर समजून घ्यावयाचे. साध्या छापखान्यात जुळविता येईल अशी ही लिपी. १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले, तेव्हा तिच्याच आधारे शिक्षण सुरू झाले.

तथापि लिपीत काय मावत नाही, याचा वादही तेव्हापासूनच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींची गणिते मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती चर्चेला आली. पण तीवर गुणीजनांचे एकमत झाले नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप असा की, पेटीचे स्वर जागच्या जागी बांधलेले. दोन पट्ट्यांच्या मधला प्रदेश तिला ठाऊक नाही. आज संगणकाच्या सुरावर घेतला जाणारा आक्षेप अक्षरश: हाच आहे.

आता संगणकाकडे वळू. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. ते कंपन संख्यांत मांडावयाचे, तर दर सेकंदास त्याची हजारो मापे घ्यावी लागतात. १९८२ साली बाजारात आलेल्या ध्वनितबकडीत, म्हणजे सीडीत, ही मापे दर सेकंदास ४४,१०० असतात आणि प्रत्येक माप दोन बाइटांचे असते. एका कानापुरते एक मिनिट गाणे ठेवण्यास ५२,९२,००० बाइट लागतात. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आय.बी.एम. ७०४ या यंत्राकडून पहिले सतरा सेकंदांचे संगीत करविले, तेव्हा एवढ्या संख्या ठेवण्यास जागा नव्हती आणि त्या मोजण्यास सवडही नव्हती.

अशा वेळी तोड निघाली ती ज्यांच्या कोष्टकासारखीच. प्रत्येक क्षणी नव्याने गणित करण्याऐवजी लहरीचे एकच आवर्तन कोष्टकात लिहून ठेवायचे आणि ते पुन:पुन्हा वाचायचे. पावले दुप्पट लांब टाकली की तेच कोष्टक तार सप्तकात वाजते. १९६७ साली स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना आणखी एक युक्ती सापडली. एका साध्या लहरीने दुसरीला वेगाने कंप दिला, तर दोनच लहरींतून घंटेसारखा किंवा तुतारीसारखा भरगच्च नाद निघतो. १९८३ च्या यामाहा वाद्यांनी ती घरोघर नेली. त्याच वर्षी कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी छेडलेली तार बनविण्याची याहूनही सोपी रीत प्रसिद्ध केली. १४७ कंपनांचा सूर हवा असेल, तर सुमारे ३०० संख्यांचा गट घ्यावा. त्या सुरुवातीला कशाही असोत. तो गट फिरवीत राहावा आणि प्रत्येक फेऱ्यात शेजारच्या दोन संख्यांची सरासरी घ्यावी. खरखर विरत जाते आणि तारेचा झणत्कार मागे उरतो. सहाशे बाइटांत एक तार!

आणि ती तीन संख्यांची चिठ्ठी? तिचे नाव मिडी. पट्टी दाबली, कोणती दाबली, किती जोराने दाबली, एवढेच ती सांगते. मिनिटाला तीनशे स्वर घेणारी सरगम घेतली, तरी दाबण्याच्या आणि सोडण्याच्या चिठ्ठ्या मिळून ती अठराशे बाइटांत बसते. ध्वनीच्या मापांहून सुमारे तीन हजारपट कमी. पण मींडेसाठी पट्टी नाही. सूर वाकविण्याचा निराळा निरोप आहे आणि त्याला १६,३८४ पायऱ्याही आहेत. मात्र एका वेळी एकाच मार्गावरचे सगळे स्वर त्याच्याबरोबर वाकतात. ज्या संगीतात स्वर म्हणजे मुक्काम नसून प्रवास आहे, त्याला ही चिठ्ठी अपुरी पडते.

येथे एक उदाहरण मोलाचे वाटते. कानपूरच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले हरी सहस्रबुद्धे हे गायिका वीणा सहस्रबुद्धे यांचे पती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ साली रागाचे एक गणिती प्रतिरूप मांडले. प्रत्येक स्वर म्हणजे एक ठाणे; या ठाण्यावरून कोणत्या ठाण्याकडे जाण्यास रागाची परवानगी आहे, एवढ्या वाटा यंत्राला सांगावयाच्या. यात मर्म काय, ते भूप आणि देशकार यांवरून कळेल. दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. स्वरांची यादी दिली तर यंत्राला दोन्ही राग एकच. परंतु भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर. वाटा बदलल्या की राग बदलला. म्हणजे, मोठा साठा करण्यापेक्षा नेमका नियम सांगणे हीच खरी काटकसर होय.

तंबोऱ्याचीही कथा अशीच आहे. १९२१ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखविले की, तारेच्या ज्या बिंदूवर छेडावे, तेथे जे उपस्वर नियमाने मुके राहावेत तेही तंबोऱ्यात बोलतात. कारण त्याची घोडी वक्र असते आणि जवारीचा दोरा तारेचा स्पर्श बदलीत राहतो. विजेच्या तंबोऱ्याने मैफलीतले आणि घरातले पुष्कळ ओझे हलके केले, यात संशय नाही. पण घोडीचे हे वर्तन ज्याने गणितात घेतले नाही, त्याचा तंबोरा स्वरात असूनही निर्जीव वाटतो.

तेव्हा भोपाळची ती पहाट आणि प्रदर्शनातली ती तार यांत वैर मानण्याचे कारण नाही. भातखंड्यांचे पुस्तक समोर ठेवून गुरू शिकवीत, तेव्हा कंसातल्या ‘प’चे चार स्वर कसे घ्यावेत, त्यांतला कोणता लांबवावा, हे गुरूच्या गळ्यातून येई. लिपी तोकडी होती, पण वाचणारा भरलेला होता. आज हातातल्या यंत्रावर तंबोरा, तबला आणि स्वरलिपी एकत्र मिळतात आणि पुष्कळ मुले त्यांच्याच सोबतीने एकटी रियाज करतात. त्यांच्यासमोर चिठ्ठी आहे. ती भरून वाचणारा माणूस मात्र नेहमी असतोच असे नाही. यंत्र करणाऱ्यांनी आपण काय गाळले हे उघड सांगावे आणि शिकणाऱ्यांनी ते गाळलेले कोणाजवळ मिळेल याचा शोध घ्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.