राब, वणवा आणि मृदाविज्ञान : वसईच्या डोंगरपट्ट्याच्या संदर्भात

वसई तालुक्याच्या पूर्वेकडील तुंगारेश्वर परिसर २००३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यातील आगीचा वाद मात्र त्याहून सव्वाशे वर्षे जुना आहे. त्याच्या मुळाशी राब व वणवा यांतील भेद होता.

भाताच्या रोपवाटिकेत ऐनासारख्या झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण पसरून ते पावसाळ्यापूर्वी जाळणे म्हणजे राब. ही आग शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर, ठरावीक वाफ्यातच जळते. वणवा जंगलातील वाळलेल्या पाचोळ्यातून पसरतो आणि कोवळी रोपे नष्ट करतो. वसाहतकालीन वनाधिकाऱ्यांना टहाळतोड व आग ही दोन्ही जंगलाची शत्रू वाटत. १८७८ च्या वन कायद्यानंतर निर्बंध वाढले. रयतेच्या तक्रारी इतक्या तीव्र झाल्या की, मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाच्या सवलतींची विस्तृत चर्चा आहे.

शेतकरी टहाळ का जाळतो, याचे उत्तर प्रशासनाने शोधले ते बहुतांशी हक्कांच्या भाषेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी तो प्रश्न मातीला विचारला. एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह त्यांनी १९१२ मध्ये पश्चिम भारतातील राब पद्धतीवर शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. राख हेच खत, असा सर्वसाधारण समज होता. या अभ्यासात तापलेल्या मातीचाही विचार झाला. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी १९०९ मध्ये मातीच्या अंशतः निर्जंतुकीकरणावर संशोधन प्रसिद्ध केले होते. ठाण्याच्या शेतकऱ्याचा अनुभव त्याच प्रश्नाशी जोडला गेला. (महाविद्यालयीन संशोधनाच्या इतिहासात या प्रकरणाची दखल क्वचितच घेतली जाते.)

अर्थात राब निरुपद्रवी ठरत नाही. वारंवारच्या टहाळतोडीने झाडे खुरटतात, धूर व कर्बवायू वातावरणात जातात. माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांनी १९९२ च्या ग्रंथात वसाहतकालीन वननीतीची परखड चिकित्सा केली; परंतु राबाचे मूल्यमापन करताना तिला मृदाविज्ञानाची जोड आवश्यक आहे.

हवामानबदलाच्या काळात भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांद्वारे जंगलातील आगीच्या सूचना देते. उपग्रहाला उष्ण बिंदू दिसतो, आगीचे कारण दिसत नाही. अभयारण्याच्या कडेला, जेथे भातखाचर संपते आणि जंगल सुरू होते, तेथे हे कारण अजूनही पाड्यावर जाऊनच विचारावे लागते.