पत्रातल्या गाळलेल्या ओळी

सलिव्हन बलूचं पत्र मी आधी वाचलं नाही, ऐकलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धावर केन बर्न्सचा १९९० चा माहितीपट आहे, ‘द सिव्हिल वॉर’. त्याचा पहिला भाग या पत्रावर संपतो. मागे व्हायोलिन वाजत असतं. (धून त्या काळातली वाटते, पण आहे १९८२ ची.) मोबाइलवर तो तुकडा दोनदा ऐकला, डोळे पुसले आणि पूर्ण पत्र शोधलं.

बलू ऱ्होड आयलंडचा वकील. तिथल्या विधानसभेचा सभापतीही होऊन गेलेला. युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या सैन्यात तो मेजर झाला. १४ जुलै १८६१ ला वॉशिंग्टनजवळच्या छावणीतून त्यानं बायकोला, सॅराला हे पत्र लिहिलं. सात दिवसांनी बुल रनच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय गेला. पुढच्या आठवडाभरात तो वारला. पत्र टपालात पडलंच नव्हतं. नंतर त्याच्या पेटीत सापडलं असं सांगतात.

माहितीपटात ऐकू येतं ते असं: देशाचं ऋण, सॅरावरचं प्रेम, मी मेलो असं समजू नकोस, वाट बघ. कामामुळे मला दोन फायली शेजारी लावून फरक बघायची सवय आहे. तसं केल्यावर गाळलेल्या ओळी दिसल्या. बलूचे वडील तो लहान असतानाच गेले होते. पोरकेपणाचं कडू फळ मी वर्षानुवर्षं खाल्लं आणि आता तेच माझ्या मुलांना देऊन जायचं, असं तो लिहितो. धाकट्याला मी फार दिवस आठवणार नाही. थोरल्याला आमची मस्ती अंधुकशी आठवेल.

तीन-चार मिनिटांत सगळं मावत नाही, हे मान्य. पण ऐकताना तो माणूस मला निश्चिंत वाटला होता. वाचताना नाही वाटला.

आणखी एक भानगड आहे. बलूच्या हस्ताक्षरातलं मूळ पत्र आजवर सापडलेलं नाही. आहेत त्या नकला. त्यामुळे नंतर कुणी तरी भाषा सजवली असेल, अशी शंका घेणारे आहेत. असेलही. पण नुसता गौरवच करायचा असता, तर मुलांना पोरकं करतोय ही कबुली कुणी कशाला घातली असती?

मार्च १८६२ मध्ये गव्हर्नर स्प्रेग त्याचं प्रेत आणायला गेले. तेव्हा कळलं, की दक्षिणेच्या सैनिकांनी कर्नल स्लोकमचं समजून ते उकरलं, शिर तोडलं आणि जाळलं. उरलेली राख आणि हाडं प्रॉव्हिडन्सला नेऊन पुरली.

सॅरा तेव्हा पंचविशीतली. तिनं पियानोच्या शिकवण्या घेतल्या, दोन्ही मुलं वाढवली. दुसरं लग्न केलं नाही. १९१७ मध्ये ती गेली आणि त्याच्याच शेजारी तिला पुरलं. पत्राच्या अगदी शेवटी, माहितीपटात नसलेल्या ओळीत त्यानं तिला सांगितलं होतं, की मी तिकडे थांबतो, तू ये. मुलांनाही घेऊन ये.