कापरेकरांची डेम्लो संख्या: गुण कोणाचा?

एखादी भलीमोठी संख्या समोर आली, तर तिला प्रश्न काय विचारायचे? आज १२३४५६७८९८७६५४३२१ घेऊ. अंक सतरा. ही १११११११११ चा वर्ग आहे आणि उलटी वाचली तरी तीच राहते.

अशा संख्यांना नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. जन्म डहाणूचा, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक. पीएचडी सोडाच, पदव्युत्तर शिक्षणही नव्हतं. ही कल्पना त्यांना जीआयपी रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनवर सुचली, म्हणून नाव ‘डेम्लो’. आपल्या पनवेलहून दिवामार्गे गेलात तर हेच स्टेशन लागतं.

आता कापरेकरांच्या कसोट्या एकेक लावून बघा.

डेम्लो: मधला ९ बाजूला ठेवा. १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. दोन्ही टोकांची बेरीज मधल्याच अंकाने भरली. पास.

हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी: अंकांची बेरीज ८१. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. पास.

स्वयंभू, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न मिळणारी: २० अशी आहे. आपली मात्र नाही, कारण १२३४५६७८९८७६५४२४० च्या अंकांची बेरीज ८१, आणि ती त्यात मिळवली की आपली संख्या येते. नापास.

आता एक वेगळा प्रश्न. या संख्येचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७. आपण दहाऐवजी आठच्या पायावर मोजत असतो, तरी अवयव हेच राहिले असते, फक्त वेगळ्या अंकांत लिहिले असते. हर्षदपणाचं तसं नाही. साधी १० घ्या: दशमान पद्धतीत ती हर्षद आहे. आठच्या पायावर ती १२ अशी लिहितात, अंकांची बेरीज ३, आणि दहाला तीनने भाग जात नाही. म्हणजे एक गुण संख्येचा, दुसरा तिच्या लिखाणाचा.

नेमक्या याच कारणाने कापरेकरांच्या कामाला अनेक गणितज्ञांनी निव्वळ करमणूक मानलं. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ चा स्थिरांक सापडला. जगभर नाव झालं ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिल्यावर. माझं मत विचाराल तर आक्षेप अर्धाच बरोबर आहे. लिहिण्याच्या पद्धतीचेही नियम असतात. ९ ने भाग जातो का ते अंकांच्या बेरजेवरून कळतं, कारण १० ही ९ पेक्षा एकाने मोठी आहे. हा नियम सिद्ध करता येतो, आणि वरची हर्षदची कसोटी त्याच्याच जोरावर एका ओळीत सुटली.

तुमचा विषय गणित नसला तरी हे लागू पडतं. डेटामध्ये सुंदर आकृतिबंध दिसला की लगेच पेपर लिहायला बसू नका. आधी एकक बदला, पाया बदला, स्केल बदला. टिकला तर तो गुण वस्तूचा. नाही टिकला, तर तुम्ही तुमच्या मोजपट्टीचा अभ्यास करताय. तोही करायला हरकत नाही, फक्त प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.